पुढच्या चाकाचा सत्कार

९ नोव्हेंबर, लातूर

परवा दीपमालाच्या विमानात बसायचं. मी मारोती सोनकांबळे, एसटीचा रिटायर डायवर, लातूर डेपो. जलमभर लोकांना बसवून नेलं, आता माझी लेक मला बसवून नेणार. को-पायलट हाय ती, कॅप्टनच्या बाजूला बसती. गल्लीतल्या लोकांना वाटतं, बाजूला बसती म्हणजे कंडक्टरवानी तिकिटं फाडत आसंल. अरे बाबांनो, तिच्यापुढं बी तसंच स्टेरिंग आसतं! हे पानटपरीवर सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

अजून कंपनीत कच्ची हाय. डिसेंबर सरला की पक्की करणार हायत. तोवर एक बी रिमार्क लागायला नको, आसं फोनवर म्हणली. मी म्हटलं, आपल्या खानदानात कुणाला रिमार्क लागलाय गं?

तिच्याकडं एकच हट्ट धरलाय मी. विमान नांदेडजवळ आलं की माईकवर मराठीत दोन शब्द बोल, आईबाप बसल्यात म्हणून सांग. आधी न्हाई म्हणली. मी फोनवर गप बसून राहिलो. मग म्हणली, "बरं बाबा, सरांना विचारून बघते."

दीपाची माय, पंचफुला, धपाटे बांधून राहिली. विमानात डबा उघडू देतेत का, हे मला सकाळपासून विचारून बेजार केलं.

१२ नोव्हेंबर, लातूर

काल लिहायला हात चालंना. आज सगळं लिहितो.

आमी रेल्वेनं हैदराबादला गेलो, तिथून विमानानं नांदेड, तिथून गाडीनं लातूर, आसा बेत होता. दारातच कॅप्टन भेटला. अमरेश त्याचं नाव, बीदरचा, पन्नाशीचा माणूस. पंचफुलेला हात जोडून "बनी बनी" म्हणला. कानडीत या या. माणूस बरा वाटला तवा.

विमान उठलं. पंख्याचं लहान विमान, माणसं बरीच ओळखीच्या तोंडावळ्याची, नांदेडची, देगलूरची. मी मोबाईल धरून बसलो, माईक वाजला की व्हिडिओ करायचा म्हणून. माईक काही वाजंना. कानाला दडे बसले, खाली उसाचे फड दिसायला लागले, गोदावरी दिसली, तरी न्हाई. मी पंचफुलेला म्हटलं, इसरली बघ तुझी लेक. आन तेवढ्यात आवाज आला.

"नमस्कार, मी फर्स्ट ऑफिसर दीपमाला सोनकांबळे. आज या विमानात माझे आई-बाबा बसलेत. बाबांनी आयुष्यभर एसटी चालवली. आज पहिल्यांदा ते मागं बसलेत आणि मी पुढं. नांदेडमध्ये तुमचं सगळ्यांचं स्वागत."

टाळ्या! सगळ्या विमानात टाळ्या! मी उठून उभा राहिलो आन सगळ्यांना हात जोडले. हवाई सुंदरी पळत आली, "अंकल बैठिए, बैठिए" करत. मी रडत होतो, तिला काय कळणार. तेवढ्यात पायाखाली चाकं उतरल्याचा धडधड आवाज आला.

आन लगेच इंजिन वरडलं आन विमान परत वर उठलं. खाली धावपट्टी दिसून राहिली होती आन आमी वर चाललो. कुणी काही सांगंना. बऱ्याच येळानं कॅप्टन हिंदीत बोलला. पुढच्या चाकाची खूण मिळत न्हाई, आमी तपासतोय, घाबरू नका. मग विमान धावपट्टीवरून एकदम खालून नेलं, खालची माणसं माना वर करून आमचं पोट बघून राहिली होती. मग गोदावरीवर चकरा. मग खालून एकदा धाडदिशी दणका बसला. पलीकडं इस्लापूरची एक बाई लेकराला उराशी धरून वरडायला लागली. एक जण सुंदरीवर धावून गेला. पंचफुलेनं माझं मनगट धरलं ते सोडलंच न्हाई. "दीपा हाय ना आत," एवढंच म्हणली.

परत हैदराबादला न्यायचं ठरलं. तिथली पट्टी लांब हाय, आगीचे बंब हायत. उतरताना डोकी गुडघ्यात घालायला लावली. मी डायवर माणूस, डोकं खाली घातलं तरी अंगाला सगळं कळतं. मागची चाकं टेकली. नाक काही खाली येईना. नाक वर धरूनच विमान पळालं, पळालं, आन मग इतकं अलगद खाली ठेवलं, निजलेलं लेकरू गादीवर ठेवतेत तसं. काही झालं न्हाई. थांबलं. दोन्ही बाजूनं बंब पळत आले. लोक रडत टाळ्या वाजवून राहिले.

मग आतलं दार उघडलं. आधी कॅप्टन बाहेर आला. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड पांढरं फटक. सुंदरीनं पाणी दिलं तर गिलास हातात ठरंना, अर्धं पाणी छातीवर सांडलं. पहिल्या शिटावर मटकन बसला. आन त्याच्यामागं माझी दीपा! कपडे जागच्या जागी, तोंडावर घाम न्हाई. "सावकाश उतरा काका, बॅग राहू द्या" आसं लोकांना सांगून राहिली होती.

तिथंच मला कळलं, विमान कुणी उतरवलं ते.

नंतर तिला इचारलं, तर म्हणली, "बाबा, पुढचं चाक उतरलं होतं पण त्याचा खटका बसला नव्हता. हातानं सोडून बसवावं लागलं." मी म्हटलं, चालवलं कुणी? म्हणली, "दोघांनी मिळून असतं ते." माझ्या लेकीला मोठेपणा घ्यायची सवयच न्हाई. मग दंडाला धरून बाजूला नेलं मला. "कुणाला काही बोलू नका. सर रिपोर्ट लिहितायत. साधा बिघाड म्हणून जाईल आणि मिटेल." तवा तिचा हात गार पडला होता. दमली आसंल.

१३ नोव्हेंबर

माझा पुतण्या आनंदराज नांदेडहून आला. त्याचं बातम्यांचं चॅनल हाय मोबाईलवरचं. म्हणला, "काका, आपल्या समाजाची लेक विमान वाचवती आन आपण गप बसायचं?" खरंच हाय की. कुणी छापणार हाय का आपलं आपण बोललो न्हाई तर? मी त्याला विमानातला व्हिडिओ दिला, माईकवरचा. आन मुलाखत दिली. कॅप्टनचे हात कापत होते हे सांगितलं. जे डोळ्यानं बघितलं तेच सांगितलं.

पंचफुला चहा ठेवताना म्हणली, "बालाघाटात बिरेक गेले, तवा तुमी गाडी दरडीला लावून थांबवली. खाली उतरल्यावर तुमच्या हातात काडी ठरंना, बिडी पेटंना. कंडक्टर मातर लोकांसंगं हसून बोलत व्हता. तुमीच सांगितलेलं."

मी म्हटलं, ते येगळं. बायकांना गाडीतलं काय कळतं.

१५ नोव्हेंबर

व्हिडिओ सगळीकडं गेलाय. ज्यांनी मला पंधरा वर्षांत फोन केला न्हाई त्यांचे फोन यायलेत. "कापऱ्या हातांचा कॅप्टन, वाघीण को-पायलट" आसं नाव दिलंय आनंदराजनं. जरा जास्तच झालं, पण लोकांना आसंच लागतं.

आन आज घरी कोण यावं? किशनराव! आमच्या गावचा, जळकोटकडचा, शेकडो एकरांचा धनी. झेडपीला उभं राहायचं म्हणून पांढरे कपडे चढवून हिंडायला लागलाय. त्याच्या बापानं माझ्या बापाला कधी ओट्यावर चढू दिलं न्हाई. कालपर्यंत हा मला "ए डायवर" म्हणायचा. आज म्हणला, "मारोतीराव, लेक तुमची न्हाई, आख्ख्या तालुक्याची हाय. भव्य नागरी सत्कार ठेवलाय जळकोटला." माझ्या खुर्चीवर बसून माझ्या कपातला चहा पिऊन गेला.

मी हो म्हटलं. का म्हणू नये? शाल घेताना माझा बाप डोळ्यापुढं उभा राहणार हाय माझ्या.

१६ नोव्हेंबर

दीपाचा फोन. इतकं चिडलेलं मी तिला कधी ऐकलं न्हाई.

"बाबा, मी काय सांगितलं होतं तुम्हाला? व्हिडिओ काढायला लावा. निदान मी माईकवर बोललेला तुकडा तरी काढा!"

"आगं तेच तर लोकांना आवडलंय."

"बाबा, विमान खाली उतरायला लागलं की आम्हाला कामाशिवाय एक अक्षर बोलायचं नसतं. नियम आहे. सरांनी आधी परवानगी दिली होती, वर असताना बोल म्हणून. मला उशीर झाला. मी बोलले आणि राहिलेली सगळी कामं एकदम अंगावर आली. कळतंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, दोन शब्द बोललीस, चोरी केलीस का? ती म्हणली, सत्काराला मी येणार न्हाई आन तुमी बी जाऊ नका. मी म्हटलं, बरं बघू.

आनंदराजला फोन करून सांगितलं, तो तुकडा काढ बाबा. तो म्हणला, काका, आता हजार ठिकाणी गेलाय, माझ्याकडचा काढून काय होतंय? खरं हाय. मी बी मग जोर केला न्हाई. खरं सांगायचं तर तो तुकडा मी सवता रोज बघतो.

२० नोव्हेंबर, जळकोट

सत्कार झाला. काय मांडव! चौकात फ्लेक्स लावलेला. किशनरावचा फोटो एवढा मोठा, दीपाचा त्याहून लहान, माझा कोपऱ्यात. फ्लेक्सवाल्यानं दीपाच्या खांद्यावर चार पट्ट्या काढल्या, कॅप्टनला आसतेत तशा. मी म्हटलं, आरं, तिला आजून चार न्हाईत. किशनरावचा माणूस म्हणला, राहू द्या की, आज ना उद्या होतीलच. मी बी राहू दिल्या.

दीपा आलीच न्हाई. मी "ड्युटी हाय" आसं सांगितलं. तिची खुर्ची मधी ठेवली, खुर्चीवर फोटो ठेवला, फोटोला शाल घातली. पंचफुला ते बघून खाली मान घालून बसली. "जित्या लेकीच्या फोटूला शाल कशापायी?" आसं पुटपुटली. तिला आनंदच घेता येत न्हाई कशाचा.

मग माझं भाषण. मी आधी बापाचं नाव घेतलं. ज्या चौकातनं माझा बाप पायताण हातात घेऊन जायचा त्या चौकात माईकवरनं त्याचं नाव घुमलं. पुढं काय काय बोललो ते नीट आठवत न्हाई. पण हे आठवतं की मी म्हटलं, "तो कॅप्टन भिऊन बसला होता, माझ्या लेकीनं स्टेरिंग हातात घेतलं!" शिट्ट्या वाजल्या. किशनरावनं मला मिठी मारली, सगळ्यांच्या पुढं.

त्यानं स्टेरिंग घेतलं न्हाई आन हिनं घेतलं, हे मी काही डोळ्यानं बघितलं न्हाई. दार लावलेलं होतं. पण दुसरं काय झालं आसंल?

२४ नोव्हेंबर

आज त्या अमरेशचा फोन आला. माझा नंबर कुठून काढला कुणास ठाऊक.

मोडकंतोडकं मराठी बोलतो. म्हणला, "सोनकांबळे साहेब, माझी आई बीदरमध्ये असते. ऐंशीची आहे. लोक तिला फोन करून विचारतात, तुमचा मुलगा भित्रा आहे काय? माझ्या मुलाला कॉलेजात हात थरथरवून दाखवतात. हे तुम्ही थांबवा."

मी म्हटलं, मी बघितलं ते बोललो.

"तुम्ही काय बघितलं नाही साहेब. मी रिपोर्टमध्ये जेवढं लिहायला पाहिजे तेवढंच लिहिलं. पोरगी चांगली आहे, शिकेल म्हणून. आता कंपनी मला विचारते, हे लोक काय बोलतात, खरं काय. मी किती दिवस गप बसू? मुलीसाठी थांबवा."

बघा! सरळ धमकी! मुलीसाठी थांबवा म्हणे. माझं टाळकंच सरकलं. मी फोनवर त्याला नको नको ते बोललो. आमच्या लेकीचं नाव झालेलं तुमच्या डोळ्यात सलतंय, आमी कुठवर खालीच बसायचं, आसं सगळं. तो ऐकून घेत राहिला. शेवटी "आयतु" म्हणला आन फोन ठेवला. कानडीत बरं, झालं, आसा काही अर्थ होतो.

पंचफुला दारात उभी राहून ऐकत होती. "काय म्हनला त्यो?" मी म्हटलं, धमकावतोय. ती म्हणली, "धमकीवाला आसा रडक्या आवाजात बोलतो व्हय? मला हितवर ऐकू येत व्हतं."

२८ नोव्हेंबर

दीपा घरी आली हाय. तिला विमानावरनं उतरवलंय. चौकशी होईस्तोवर बसून राहायचं. त्या अमरेशनं सवता मागणी केली म्हणे, आतलं रेकॉर्डिंग सगळ्यांपुढं ऐका. पायलट आत जे बोलतेत ते सगळं मशिनीत ऱ्हातं. ऐकलं त्यांनी.

माझं डोकं फिरलं होतं. ती मातर शांत. सैपाकघरात खाली बसून मायसंगं मेथी निवडत होती. मी समोर पाट घेऊन बसलो. तिनं मान वर न करता सांगितलं.

"बाबा, चाकं उतरवली की तीन दिवे लागतात, हिरवे. मी ते बघून मोठ्यानं सांगायचं असतं. मी माईक ठेवला, घाईघाईत चाकांचा दांडा ओढला, आणि 'तीन हिरवे' म्हणाले. रोज म्हणते तसं. दोनच लागले होते बाबा."

मी पाट जरा पुढं ओढला.

"पुढचा लागलाच नव्हता. मी बघितलंच नाही. कानात अजून टाळ्याच होत्या. सरांनी मान वळवून स्वतः बघितलं आणि विमान वर घेतलं. नाहीतर आपण तसेच टेकलो असतो आणि नाक जमिनीवर आपटलं असतं. त्यात तुम्ही होता. आई होती."

पंचफुलेच्या हातातली काडी तशीच राहिली.

"मग त्यांनी चालवलं, मी पुस्तकातलं एकेक वाचून दाखवलं. हातानं चाक सोडलं. नाक वर धरून उतरवलं ते त्यांनी. मी घाबरले नव्हते कारण मला काही करायचंच नव्हतं. आणि उतरल्यावर ते मला म्हणाले, रिपोर्टमध्ये 'आम्ही पाहिलं' असं लिहितो. पहिल्या वर्षात प्रत्येकाकडून होतं, परत करू नकोस. एवढंच म्हणाले."

मी म्हटलं, "कुणी पढवलं तुला आसं बोलायला? दबाव हाय का? खरं सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिला म्हटलं, दीपा, मला शिकवू नको. डेपोत तीस वर्षं काढलीत मी. नवी गाडी आली की आधी दुसऱ्याला, खटारा मला. आडनाव वाचूनच मेमो लिहायचे साहेब लोक. मला कळतं कुठं काय शिजतं.

"बाबा, ते सगळं खरं आहे. मी पण बघितलंय. पण या वेळी तसं नव्हतं."

पंचफुला म्हणली, "ऐका की तिचं जरा!" मी उठलो आन पानटपरीवर गेलो. तिथं बी लोकांनी तेच इचारलं, काय झालं दीपमालाचं. मी सांगितलं, दाबायला बघून राहिलेत.

दोन दिवे की तीन दिवे. तिला आठवत नसंल नीट. आशा येळेला कुणाला आठवतं?

३ डिसेंबर

किशनरावला सकाळपासून फोन लावून राहिलो. उचलत न्हाई. त्याचा माणूस म्हणला, साहेब प्रचाराच्या गडबडीत हायत, आन मारोती, ते कंपनीचं लफडं तुमी तुमचं बघा. मारोतीराव न्हाई, मारोती. भाचा जळकोटहून आला होता, त्यानं सांगितलं, चौकातला फ्लेक्स काढला, आता तिथं किशनरावच्या वाढदिवसाचा लागलाय. माझ्या लेकीच्या नावावर पाच गावं हिंडून आला हा माणूस, आन आता ओळख देईना. हरामखोर! ह्याच्या बापापेक्षा हा काही येगळा न्हाई, फक्त चहा प्यायला शिकलाय.

आता आपणच काहीतरी करायला पायजे. आनंदराज म्हणतो, काका, नांदेड विमानतळाच्या गेटवर धरणं धरू. चार संघटना येतील. कंपनीला लेक परत घ्यावी लागंल.

५ डिसेंबर

दीपा हैदराबादला गेली, शेवटच्या सुनावणीला. निघताना पाया पडली न्हाई, माझे दोन्ही हात धरले. "बाबा, आता काही करू नका. मोर्चा नाही, मुलाखत नाही. मला त्यांच्यापुढं फक्त चूक कबूल करायची आहे. शब्द द्या."

मी "बरं" म्हटलं. ती गेल्यावर पंचफुला म्हणली, शब्द दिलाय तुमी. मी म्हटलं, बरं म्हटलंय, बरं म्हणजे शब्द न्हवं. तिनं माझ्याकडं आसं बघितलं की मी चप्पल घालून भाईर गेलो.

लेकरू एकटं त्या मोठमोठ्या साहेबांपुढं उभं राहणार, चूक झाली म्हणणार, आन बापानं घरात बसून ऱ्हायचं? मला न्हाई जमायचं. माझा बाप गप बसला, त्यानं काय मिळवलं?

९ डिसेंबर, लातूर

आज नांदेडला धरणं झालं. माणसं आली, बरीच आली. ऊन लई होतं. मी माईकवर होतो. अमरेश मुर्दाबादच्या घोषणा पोरांनी चालू केल्या, मी काही थांबवल्या न्हाईत. एका पोरानं कागदाचा पुतळा आणला होता, टोपी घातलेला, कापऱ्या हातांचा. तो जाळला. टीव्हीवाले दोघं आले. मोबाईल खिशात थरथरून राहिला होता, दीपाचा फोन दिसला, पण हातात माईक. नंतर करू म्हटलं. परत आला. परत आला. पोलिसांनी गाडीत घालून नेलं, सही घेऊन सोडलं. आनंदराजनं माझ्या गळ्यात हार घातला. मला लई दिसांनी बरं वाटत होतं.

तिन्हीसांजेला लातूरला घरी आलो तर दीपा आलेली. समोरच्या खोलीत ताट घेऊन बसली होती, भाकरी मोडलेली, खाल्लेली न्हाई. पंचफुला तिच्याजवळ भिंतीला टेकून. दोघींनी टीव्ही लावला होता, आवाज बंद करून. त्यात मी होतो. माझं तोंड उघडझाप करून राहिलं होतं.

मी हार काढून खुंटीला लावला. म्हटलं, "बघितलंस? हलवून सोडलं त्यांना."

ती म्हणली, "बाबा, सकाळी मेल आला होता. मला ठेवलं होतं त्यांनी. दोन महिने परत ट्रेनिंग, मग परत विमानावर. कच्चीच, पण ठेवलं होतं. सुनावणीत सर माझ्या बाजूनं बोलले. माईकवर बोलायची परवानगी मीच दिली होती, माझी पण चूक आहे म्हणाले. त्यांची स्वतःची कॅप्टनकी सहा महिने काढून घेतली, तरी बोलले. तेच सांगायला फोन करत होते मी तुम्हाला. थांबवा म्हणून."

मी इचारलं, "मग?"

"दुपारी दुसरा मेल आला. नको आता म्हणाले. सरांचा पुतळा जळताना बघितला त्यांनी टीव्हीवर. सरांनी पण बघितला."

पंचफुला रडून राहिली होती. तोंडात पदर घालून, आवाज न करता. बापानं आशा येळेला खचून कसं चालंल? मी दीपाच्या समोर बसलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला आन म्हटलं, "भिऊ नको. लढू आपण. मी हाय."

तिनं माझा हात डोक्यावरनं उचलून खाली ठेवला.

"कोणाशी, बाबा?"

मी अमरेशचं नाव घेतलं. तिनं ताट उचललं आन आत गेली.